'प्लम्प' करणे: मत टाकणे, मत राखणे की मत कुजवणे?

शेवटचं_पान

इंग्रजीतल्या 'टू प्लम्प' या क्रियापदाचा मतदानातला अर्थ नीट लावायचा आहे. आजच्या इंग्रजीत 'शी प्लम्प्ड फॉर द ब्लू वन' अशी वाक्यं सर्रास दिसतात. तिथे 'बराच घोळ घालून शेवटी निळी उचलली' एवढा अर्थ लागतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश निवडणुकांविषयीच्या मजकुरात 'ही गेव्ह अ प्लम्पर टु द व्हिग' असं येतं (व्हिग हा तेव्हाचा एक पक्ष). एका जुन्या अनुवादात याचं 'त्याने व्हिग उमेदवाराला भरघोस मत दिलं' असं केलेलं आहे. एक माणूस, त्याचं मत भरघोस कसं असेल? 'एकगठ्ठा मतदान' हा शब्द इथे चालेल का? आणि आपल्याकडे हा प्रकार कुठे होतो का, होत असेल तर त्याला काय म्हणतात?

---

पाटीपेन्सिल

'भरघोस' चूक आहे, आणि 'एकगठ्ठा' त्याहून मोठी चूक. एकगठ्ठा म्हणजे पुष्कळ मतदारांनी मिळून एकाच बाजूला जाणं. प्लम्प ही एकट्या मतदाराची करणी आहे, दुसऱ्या कोणाचा तिच्याशी संबंध नाही.

एका मतदाराला एकाहून जास्त मतं आहेत, आणि ती सगळी न वापरता तो एकाच उमेदवाराला एकच मत देऊन बाहेर पडतो, उरलेली मतं कोणालाच देत नाही. याला प्लम्प करणं म्हणतात. असं दिलेलं मत म्हणजे 'प्लम्पर', आणि तसं मत देणाऱ्या माणसालाही प्लम्परच म्हणतात. इंग्लंडातल्या बहुतेक मतदारसंघांतून १८८५ पर्यंत दोन-दोन खासदार निवडले जात, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मतं असत. दोन जागांचे शेवटचे काही मतदारसंघ १९४८ च्या कायद्याने गेले, १९५० ची निवडणूक त्यांच्याशिवाय झाली. म्हणजे जुन्या मजकुरात हा शब्द आला की आधी 'इथे जागा किती होत्या' हे बघायचं. जागा एकच असेल तर मतदानाच्या अर्थाने प्लम्प करताच येत नाही.

तुमच्या वाक्याचं मराठी: 'त्याने आपल्या दोन मतांपैकी एकच वापरलं आणि ते व्हिग उमेदवाराला दिलं.' लांब होतं, पण खरं होतं.

व्युत्पत्तीबद्दल एक सावधगिरी. गुबगुबीत या अर्थाचं जे 'प्लम्प' विशेषण आहे ते इथे आणू नका, 'भरघोस' तिथूनच आलेलं दिसतंय. कोशांत हे क्रियापद 'धप्पकन पडणे, टाकणे' या अर्थाच्या नोंदीखाली येतं. सगळं वजन एकाच ठिकाणी धप्पकन टाकून मोकळं होणं, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की निवडणुकीतला आणि आजचा, दोन्ही अर्थ सुटतात.

---

दशमान

पाटीपेन्सिल यांच्या व्याख्येत थोडी दुरुस्ती. ती दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची असा नियम असेल तिथे लागू आहे. जिथे सगळी मतं एकाच्याच नावावर साचवता येतात, तिथेही प्लम्प हाच शब्द वापरतात, पण तिथे मत वाया जात नाही, उलट त्याला गुणाकार लागतो. या दोन पद्धतींची गल्लत झाली की आकडेमोड पार चुकते, म्हणून एकच उदाहरण दोन्हीकडे लावून दाखवतो.

जागा ३, मतदार १००, प्रत्येकाला ३ मतं. ६० जणांचा मोठा गट आणि ४० जणांचा लहान गट. लहान गटाला एकच माणूस निवडून आणायचा आहे, त्याला 'द' म्हणू.

पहिली पद्धत, एका उमेदवाराला एकच मत. मोठ्या गटाने शिस्तीत तीनच उमेदवार उभे केले तर तिघांना ६०-६०-६० मिळतात. लहान गटाने कितीही कडक प्लम्प केलं तरी 'द' ४० वरच थांबतो. हरला. पण मोठ्या गटात बंडाळी होऊन पाच जण उभे राहिले आणि त्यांची १८० मतं सारखी विभागली, तर प्रत्येकी ३६. आता ४० जणांनी प्लम्प केलं तर 'द' ४० घेऊन पहिला येतो. त्याच ४० जणांनी मात्र 'उरलेली दोन मतं फुकट का घालवा' म्हणून ती त्या पाच जणांत वाटली, तर ८० भागिले ५, प्रत्येकाला आणखी १६ मिळतात. ३६ अधिक १६ म्हणजे ५२. 'द' चाळीसवर पाचांच्याही मागे. आपल्याच माणसाला आपल्याच दुसऱ्या-तिसऱ्या मताने पाडलं.

म्हणजे या पद्धतीत प्लम्प केल्याने आपल्या उमेदवाराचं एकही मत वाढत नाही. प्रतिस्पर्ध्यांची वाढायची थांबतात, इतकंच. आणि समोरचे एकजूट असतील तर तेवढ्याने भागत नाही.

दुसरी पद्धत, मतं साचवता येतात. ४० गुणिले ३ म्हणजे 'द' ला १२०, समोरच्या तिघांना ६०-६०-६०. 'द' आरामात आला. इथे किमान किती लोक लागतात? मतदारांना जागा अधिक एक याने भागा: १०० भागिले ४, म्हणजे २५. पंचवीस जणांनी प्लम्प केलं तर ७५ विरुद्ध ७५, चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. सव्वीस जण असले तर ७८ विरुद्ध ७४, समोरच्यांनी काहीही केलं तरी जागा पक्की.

---

रद्दीतलं_सोनं

साचवायच्या पद्धतीत भलत्या हिशेबाने हरायचं उत्तम उदाहरण बर्मिंगहॅमचं आहे. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने इंग्लंडात शाळा मंडळं आली आणि त्यांच्या निवडणुका साचवायच्या मतांनी ठरल्या. बर्मिंगहॅमच्या मंडळात १५ जागा, म्हणजे प्रत्येक मतदाराला १५ मतं. शहर लिबरल पक्षाचं. त्यांनी पंधराच्या पंधरा जागांवर उमेदवार दिले, मतं पातळ पसरली आणि निवडून आले फक्त सहा. चर्चच्या बाजूने कमी उमेदवार दिले आणि बहुमत मिळवलं. कॅथलिकांनी एकच उमेदवार दिला, सगळी मतं त्याच्यावर ओतली आणि तो यादीत सगळ्यांच्या वर गेला.

गंमत म्हणजे याच शहराच्या लिबरलांनी दोनच वर्षांपूर्वी, १८६८ ला, याच्या नेमकं उलट गणित अचूक सोडवलं होतं. तिथे संसदेच्या जागा तीन आणि मतदाराला मतं दोनच, अल्पमतवाल्यांना एखादी जागा मिळावी म्हणून १८६७ च्या कायद्याने केलेली सोय. लिबरलांनी कोणत्या वॉर्डातल्या मतदारांनी तिघांपैकी कोणत्या दोघांना मत द्यायचं हे ठरवून दिलं आणि तिन्ही जागा नेल्या. अशा योजनेत प्लम्पर हा घरचाच शत्रू ठरतो. आवडत्या एकाला मत देऊन दुसरं मत खिशात घालून गेलेला प्रत्येक मतदार दुसऱ्या लिबरलाचं एक मत कमी करतो.

---

शेवटचं_पान

दशमान, ५२ विरुद्ध ४० वाला हिशेब डोळ्यांत भरला. आता आपल्याकडचं सांगा. महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असतो, म्हणजे चार मतं. तिथे हेच लागू व्हायला हवं ना?

---

गठ्ठा_क्रमांक_सात

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभाग चार सदस्यांचा असला तरी जागा अ, ब, क, ड अशा सुट्या असतात. उमेदवार अर्ज भरतानाच कोणत्या जागेसाठी ते सांगतो. अ जागेचे उमेदवार फक्त आपापसांत लढतात. तुम्ही ब जागेला कोणालाही मत दिलंत तरी अ जागेच्या तुमच्या माणसाला त्याने काडीचा फरक पडत नाही. मतं एका भांड्यात पडतच नाहीत, तर तिथे प्लम्प कसलं करणार? 'आपल्या दादांना द्या, बाकीच्यांना नोटा दाबा म्हणजे दादांचं वजन वाढेल' असं प्रचारात कोणी सांगत असेल तर त्याला तरी गणित कळलेलं नाही किंवा उरलेल्या तीन जागांत त्याला कोणालातरी पाडायचं आहे.

चारही जागांवर एकाच पक्षाला दिलं की आपल्याकडे 'पॅनेल टू पॅनेल' म्हणतात, मिसळ केली की 'क्रॉस व्होटिंग'. प्लम्पला तिथे शब्द नाही, कारण ती गोष्टच नाही.

प्लम्प चालतं ते सहकारात. शंभर सभासदांपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थेची समिती घ्या: ११ जागा, त्यात सर्वसाधारण ६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागास १, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास मिळून १. सर्वसाधारणच्या सहा जागा एकाच भांड्यात. ९ किंवा १० उमेदवार असले तर सगळे एकमेकांविरुद्ध. सभासद सहापर्यंत कितीही शिक्के मारू शकतो, एकाच नावावर दोन मारून मतं दोन होत नाहीत, आणि सहाच्या वर गेले की त्या गटाची मतपत्रिका बाद. कमी मारलेली वैध. म्हणजे ही दशमान यांची पहिली पद्धत झाली. महिलांच्या दोन जागांनाही तेच. एक-एक जागेच्या राखीव गटांत मात्र प्लम्पचा प्रश्नच येत नाही.

मतमोजणीच्या दिवशी नेहमीचा घोळ: एकूण वैध मतांना सहाने भागून 'इतक्यांनी मतदान केलं' असा आकडा काढतात आणि तो सहीच्या यादीशी जुळत नाही म्हणून ओरड सुरू होते. जुळणारच नाही. कमी शिक्क्यांच्या मतपत्रिका असतात. पेटीतल्या मतपत्रिकांचा आकडा आणि उमेदवारांच्या मतांची बेरीज, हे दोन हिशेब वेगळेच ठेवायचे.

---

पाटीपेन्सिल

अ-ब-क-ड ची ही युक्ती अमेरिकेतही आहे आणि तिथे तिच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. तिथे प्लम्प हा शब्द फारसा चालत नाही. 'बुलेट व्होटिंग' किंवा 'सिंगल-शॉट व्होटिंग' म्हणतात. दक्षिणेतल्या राज्यांत नगर परिषदेच्या सगळ्या जागा शहरभरातून एकत्र निवडत तेव्हा अल्पसंख्य कृष्णवर्णीय मतदारांना एक तरी जागा मिळवायचा मार्ग सिंगल-शॉट हाच होता. तो बुजवायचे दोन उपाय. एक, सगळी मतं वापरलीच पाहिजेत, नाहीतर मतपत्रिका बाद, असा नियम. दुसरा, जागांना क्रमांक देऊन प्रत्येक जागेची लढत सुटी करायची. जॉर्जियातल्या रोम शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० ला याच मुद्द्यांचा ऊहापोह केला.

उलट टोकाला इलिनॉय. तिथे १८७० पासून १९८० पर्यंत विधानसभेला प्रत्येक जिल्ह्यातून तीन आमदार आणि साचवता येणारी तीन मतं. तिन्ही एकाला देता येत, दोघांना दीड-दीडही देता येत. अर्ध्या मताची मोजणी करणारे कारकून बिचारे!

---

कावेबाज_कावळा

मराठीत शब्द नाही म्हणता? आहे की, आणि चांगला जळजळीत आहे. मत कुजवणे.

१९५१-५२ च्या पहिल्या लोकसभेला ४०१ मतदारसंघ होते. त्यातले ३१४ एका जागेचे, ८६ दोन जागांचे आणि एक, उत्तर बंगाल, तीन जागांचा. दोन जागांपैकी एक राखीव. मतदाराला दोन मतं, आणि एकाच उमेदवाराला दोन्ही दिली तर एकच धरायचं, दुसरं बाद, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ मध्ये होतं. तेव्हा नावांची यादी छापलेली मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह, मतदार आत जाऊन कागद पेटीत टाकणार. त्यामुळे दुसरं मत कुजवायचे सोपे मार्ग दोन. दोन्ही कागद एकाच पेटीत टाका, किंवा दुसरा टाकूच नका.

मुंबई शहर उत्तर मतदारसंघात राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. आंबेडकर होते, समाजवादी पक्षाशी युती आणि सर्वसाधारण जागेवर त्या पक्षाचे अशोक मेहता. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही सर्वसाधारणसाठी उभे. डांग्यांच्या बाजूने राखीव जागेचं मत कुजवा असा प्रचार झाला, हा आंबेडकरांच्या बाजूचा आरोप. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ आणि आंबेडकर १,२३,५७६. बाद ठरलेली मतं ७४,३३३. फरक साडेचौदा हजारांचा आणि बाद मतं त्याच्या पाचपट, म्हणून हा वाद आजही निघतो. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका केली, ती फेटाळली गेली.

दोनच वर्षांनी, १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबत अशोक मेहता. या खेपेला कार्यकर्त्यांचंच म्हणणं पडलं की आपल्या मतदारांनी सर्वसाधारणचं मत कुजवावं, म्हणजे बाबासाहेबांना फायदा. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजारांनी हरले.

---

दशमान

कावळेबुवा, शब्द फक्कड आहे पण प्लम्पचा प्रतिशब्द म्हणून पूर्ण बसत नाही. प्लम्प म्हणताना नजर ज्याला मत मिळालं त्याच्याकडे असते, कुजवणे म्हणताना जे मत मेलं त्याच्याकडे. करणी तीच, पण एकात कौतुक, दुसऱ्यात ठपका. 'त्याने व्हिगला प्लम्पर दिलं' याचं 'त्याने दुसरं मत कुजवलं' केलं तर मूळ लेखकाने न केलेली निंदा आपण केली असं होईल. आणि साचवायच्या पद्धतीत तर काहीच कुजत नाही.

शिवाय भंडाऱ्याला कुजवण्याने फायदा झालाच असता हे मला तितकंसं पटत नाही. दोन जागांच्या मतदारसंघात आधी राखीव उमेदवारांतला सगळ्यांत पुढचा राखीव जागेवर घ्यायचा, मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे तो दुसऱ्या जागेवर. राखीव उमेदवाराची खरी लढत दुसऱ्या राखीव उमेदवाराशी. सर्वसाधारण उमेदवाराला दिलेलं मत त्या लढतीत येतच नाही. आपल्या लोकांनी मेहतांना मत नाकारून आंबेडकरांची मतं कशी वाढतील?

---

कावेबाज_कावळा

नियम बरोबर सांगितलात, पण निम्मा. दुसरी जागा *उरलेल्या सगळ्यांतून* भरायची. म्हणजे राखीव गटातला दुसरा माणूसही सर्वसाधारण जागा घेऊ शकतो. काँग्रेसचा राखीव उमेदवार पुढे गेला तरी मेहतांची मतं कमी राहिली असती तर आंबेडकर दुसऱ्या जागेवर येऊ शकले असते. म्हणून मागणी सर्वसाधारणचं मत कुजवायची होती. आता मित्रालाच पाडून ती जागा घ्यायची का, हा प्रश्न वेगळा.

असं घडलेलंही आहे. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरमला सर्वसाधारण जागेवर व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले ते. दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी घेतल्या. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ ला तिथेही हरले. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच मोडले.

---

दशमान

मान्य. 'उरलेल्या सगळ्यांतून' हे लिहिलं मीच आणि विसरलोही मीच.

---

गठ्ठा_क्रमांक_सात

विधान परिषदेचा मुद्दा राहिला, कारण पदवीधर मतदारसंघात दर वेळी 'फक्त १ लिहा, २-३ लिहिलंत तर आपल्या उमेदवाराचं नुकसान' असं सांगत फिरतात. ऑस्ट्रेलियात पसंतीक्रमाच्या निवडणुकीत नुसता १ लिहून थांबण्यालाही प्लम्प करणंच म्हणतात, म्हणून इथे सांगतो. पसंतीक्रमात हा सल्ला निरर्थक आहे. तुमच्या १ चा निकाल लागेपर्यंत, म्हणजे तो निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत, तुमचा २ कोणी बघतही नाही. २ ने १ चं नुकसान होत नाही. नुसता १ लिहिलेली मतपत्रिका वैध असते, पण तो उमेदवार बाद झाला की तिला पुढे जायला वाट नाही, ती तिथेच संपते. अटीतटीच्या शेवटच्या फेरीत तुमचं म्हणणं उरत नाही, एवढाच 'फायदा'. आणि १ हा आकडाच नसेल, बरोबरची खूण केली असेल किंवा 'एक' असं अक्षरात लिहिलं असेल, तर मतपत्रिका बाद.

आमदारांच्या मतांनी होणाऱ्या निवडणुकीत पक्ष दुसऱ्या पसंतीसाठी इतके घासाघीस करतात ते याचसाठी. जुलै २०२४ ला ११ जागा आणि २७४ मतदार होते. प्रत्येक मताची किंमत १००, म्हणून २७,४०० भागिले १२ (जागा अधिक एक), आलेल्या आकड्यात १ मिळवून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा, २,२८४; म्हणजे पहिल्या पसंतीची २३ मतं. कोट्यावरची मतं दुसऱ्या पसंतीने सरकतात. तिथे दुसरी पसंती कोरी ठेवणं म्हणजे हातातली सुटी नाणी टाकून देणं.

---

शेवटचं_पान

धन्यवाद मंडळी. आता अनुवादाचं शेवटचं. त्याच मजकुरात एका मतदार-वहीचा उतारा आहे: अमक्या उमेदवाराला प्लम्पर इतके, स्प्लिट इतके. एकूण मतं १,०००, त्यात प्लम्पर २००. मूळ लेखकाने मतदार ६०० म्हटलंय, अनुवादकाने तळटीप देऊन '५०० हवेत, छपाईची चूक असावी' असं लिहिलंय.

---

रद्दीतलं_सोनं

तळटीप काढून टाका, ६०० बरोबर आहेत. २०० जणांनी एकेक मत दिलं, उरलेली ८०० मतं दोन-दोन करून ४०० जणांची. सूत्र असं: मतं अधिक प्लम्पर, भागिले दोन.

या वह्या १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्यापर्यंत निघत होत्या, कारण तोपर्यंत मत उघडपणे, नाव सांगून द्यायचं असे. एका ओळीत मतदाराचं नाव, पुढे उमेदवारांचे रकाने. दोन रकान्यांत खूण असेल तर स्प्लिट, एकात असेल तर प्लम्पर. 'स्प्लिट'चं भाषांतर 'फुटलेलं मत' करू नका, वाचकाला पक्षाशी दगा केल्यासारखं वाटेल. कित्येक वह्यांत एकाच पक्षाच्या दोघांना दिलेली मतंसुद्धा जोडीजोडीने याच सदरात टाकलेली असतात. 'जोडमत' आणि 'एकलमत' असं करा आणि पहिल्या जागी एका ओळीत अर्थ द्या.

---

पाटीपेन्सिल

'एकलमत' चालेल. 'एकमत' मात्र चुकूनही नको, मुद्रितशोधक 'ल' खाऊन टाकेल तेवढं बघा.